जड धातूंनी दूषित जमीन आणि वनस्पती : आधी हिशेब, मग रोप

प्रश्नकर्त्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. त्यांच्याकडे सुमारे एक हेक्टर जमीन आहे. तिला लागूनच पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे आणि धातूंवर मुलामा चढवण्याचे काम चालत असे. ते आता बंद झाले आहे. मातीच्या एका नमुन्यात शिसे ८०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रति किलो आढळले. मोहरी, सूर्यफूल आणि वाळा लावून दोन-तीन हंगामांत ही जमीन स्वच्छ होईल का, आणि त्यानंतर तेथे भाजीपाला घेता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

शिशाच्या बाबतीत उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. कॅडमियमच्या बाबतीत ते ‘होऊ शकेल, पण दोन-तीन हंगामांत नाही’ असे आहे. ही दोन उत्तरे वेगळी का, हे समजून घेतले तर कोणती वनस्पती लावावी हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तेल, कीटकनाशके किंवा द्रावके यांसारखी सेंद्रिय प्रदूषके मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव तोडू शकतात आणि त्यांचे शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊ शकते. धातूचे तसे होत नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. कोणतीही वनस्पती, कोणताही जिवाणू त्याचा नाश करू शकत नाही. वनस्पती फार तर दोन गोष्टी करू शकते. एक तर ती धातू मातीतून ओढून खोडापानांत साठवते आणि आपण ती कापून दुसरीकडे नेतो. याला वनस्पती-निष्कर्षण म्हणता येईल. किंवा ती धातू मुळांपाशीच अडकवून ठेवते, मातीवर आच्छादन धरते, धूळ उडू देत नाही आणि पावसाचे पाणी खाली झिरपण्याआधीच बरेचसे शोषून बाष्परूपाने बाहेर टाकते. हे वनस्पती-स्थिरीकरण होय. दोन्हींची उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत. निष्कर्षणासाठी जी वनस्पती उत्तम, ती स्थिरीकरणासाठी घातक ठरते, कारण ती जमिनीत गाडलेला धातू पानांत आणून जनावरांच्या, किड्यांच्या आणि वाऱ्याच्या हवाली करते. आपण निवडलेल्या तीन वनस्पतींपैकी वाळा बहुतांश धातू मुळांतच ठेवतो आणि मोहरी काही प्रमाणात वर नेते. म्हणजे एकाच वाफ्यात धातू धरून ठेवण्याची आणि काढून नेण्याची अशी दोन्ही कामे एकदम योजली गेली आहेत.

आता हिशेब. तो कागदावर पाच मिनिटांत होतो आणि पुष्कळ वर्षे वाचवतो. एक हेक्टर क्षेत्रातील वरची २० सेंटिमीटर माती म्हणजे २,००० घनमीटर. एक घनमीटर मातीचे कोरडे वजन सुमारे १.३ टन धरले, तर ही माती २,६०० टन भरते. एक मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच एक ग्रॅम प्रति टन. त्यामुळे आपल्या जमिनीच्या या वरच्या थरात सुमारे १३ किलो कॅडमियम आणि २,०८० किलो शिसे आहे. कॅडमियम ५ वरून १ वर आणायचे, तर साधारण साडेदहा किलो बाहेर काढावे लागेल. शिसे ८०० वरून १०० वर आणायचे, तर १,८२० किलो.

समजा मोहरीचे पीक चांगले आले आणि हेक्टरी १० टन कोरडा पाला मिळाला. कोणतेही रसायन न घालता वाढलेल्या मोहरीच्या पानाखोडांत शिशाचे प्रमाण २० मिलिग्रॅम प्रति किलो धरले, तर एका पिकासोबत २०० ग्रॅम शिसे बाहेर जाईल. वर्षाला दोन पिके घेतली तर ४०० ग्रॅम. या वेगाने १,८२० किलो काढायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील. माझा २० हा आकडा चुकीचा आहे आणि तो २०० असायला हवा, असे कोणी म्हटले तर वाद न घालता मान्य करतो. मग साडेचारशे वर्षे लागतील. आकडा कितीही उदारपणे धरला तरी निष्कर्ष बदलत नाही. हा हिशेब स्वतः मांडून पाहिल्याशिवाय कोणीही शिशासाठी मोहरी पेरू नये.

शिसे वर का चढत नाही, याचे कारण मातीत आणि मुळात दोन्हीकडे आहे. मातीत ते सेंद्रिय पदार्थ, चिकणमाती, लोह-मँगनीजची ऑक्साइडे आणि फॉस्फेट यांच्याशी इतके घट्ट बांधले जाते की मातीतील पाण्यात त्याचा फारच थोडा अंश विरघळलेला असतो. जो अंश मुळापर्यंत पोहोचतो, तो मुळाच्या पेशीभित्तिकांना चिकटतो किंवा तेथेच फॉस्फेटच्या रूपाने साखळतो. त्यातूनही जो आत शिरतो, त्याला मुळाच्या अंतस्त्वचेतील मेणचट पट्टा जलवाहिन्यांत जाऊ देत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे, कारण शिशाचा तिला काहीही उपयोग नसतो. कॅडमियमचाही नसतो, पण कॅडमियम रासायनिकदृष्ट्या जस्ताशी इतके मिळतेजुळते आहे की जस्त, लोह आणि मँगनीज आत घेण्यासाठी असलेल्या वाहक प्रथिनांतून ते बिनदिक्कत आत शिरते. आर्सेनिकची गोष्ट अशीच आहे. आर्सेनेटचा आयन फॉस्फेटसारखा दिसतो आणि फॉस्फेटच्या वाटेने मुळात प्रवेश मिळवतो. थोडक्यात, जो धातू एखाद्या पोषकद्रव्याचे सोंग घेऊ शकतो, त्याच्याच निष्कर्षणाची आशा धरता येते.

शिशाचा हा अडथळा ओलांडण्याचा एक प्रयत्न १९९० च्या दशकात मोठ्या उत्साहाने झाला आणि मोहरीची कीर्ती बहुतांशी त्यातूनच पसरली आहे. ईडीटीए हे रसायन धातूच्या आयनाला खेकड्यासारखे धरून पाण्यात विरघळते ठेवते. मोहरी पूर्ण वाढल्यावर मातीत ईडीटीए सोडले की शिसे सुटते, मुळातून वर चढते आणि झाड कोमेजण्याआधी पानांत भरते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोहरीच्या कोरड्या पाल्यात शिशाचे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत गेले होते. वरच्याच हिशेबाने पाहिले तर दीड टक्का आणि १० टन म्हणजे एका पिकात १५० किलो शिसे, आणि बारा-तेरा पिकांत जमीन मोकळी! मोह पडणे स्वाभाविक होते. पण हे आकडे प्रामुख्याने कुंड्यांतले होते, आणि कुंडीला भूजल नसते. शेतात मोकळे झालेले सगळे शिसे मुळात जात नाही. उरलेले ईडीटीएच्या मिठीत पावसाबरोबर खाली उतरते, आणि ईडीटीए मातीत लवकर कुजत नसल्यामुळे ही गळती पीक कापून झाल्यावरही आठवडेच्या आठवडे चालू राहते. जे शिसे वरच्या वीतभर मातीत निपचित पडले होते, ते विहिरीच्या दिशेने निघते. आपल्या जमिनीवर ही युक्ती करू नये, असे मी निक्षून सांगतो. ईडीटीएऐवजी लवकर कुजणारी इतर चिलेटकारक (म्हणजे धातूला असेच धरून ठेवणारी) द्रव्ये सुचवली जातात. त्यांनी गळतीचा कालावधी घटतो, गळती थांबत नाही.

येथे एक अनुभव नोंदवतो, कारण शिशाच्या बाबतीत फसगत बहुधा याच वाटेने होते. मी या कामात नवखा असताना एका जमिनीवरील पानांच्या नमुन्यांत शिसे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले आणि आम्हाला नवी अतिसंचयी, म्हणजे पानांत धातू प्रचंड प्रमाणात साठवणारी, वनस्पती सापडल्याचा आनंद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याच नमुन्यांतील टायटॅनियम मोजायला सांगितले. टायटॅनियम मातीत भरपूर असते आणि वनस्पती ते जवळजवळ घेतच नाहीत. पानात ते सापडले, तर पानावर माती आहे एवढाच त्याचा अर्थ. आमच्या पानांत ते सापडले. पाने नीट धुऊन पुन्हा तपासल्यावर शिशाचा आकडा एकदशांशाच्याही खाली आला. शिशासाठी एखादी वनस्पती ‘अद्भुत’ असल्याचे वाचनात आले, तर पाने कशी धुतली होती, हा पहिला प्रश्न विचारावा.

खऱ्या अतिसंचयी वनस्पती मात्र आहेत, आणि निसर्गातील मोठ्या नवलांपैकी त्या एक आहेत. जर्मनीतील आखेन परिसरात जस्ताच्या खनिजाने भरलेल्या जमिनीवर वाढणाऱ्या रोपांच्या पानांत एक टक्क्याहून अधिक जस्त असल्याची नोंद बाउमान यांनी १८८५ मध्येच केली होती. इटलीतील टस्कनी प्रांतातील अ‍ॅलिसम या रोपाच्या एका जातीच्या पानांत निकेलचे असेच प्रमाण असल्याचे मिंगुझ्झी आणि व्हेर्नानो यांनी १९४८ मध्ये दाखवले. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका झाडाचा चीक निकेलमुळे चक्क निळा-हिरवा असतो. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो वाळवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरतो. २००१ मध्ये फ्लोरिडात, लाकूड टिकवण्यासाठी क्रोमियम-तांबे-आर्सेनिकचे मिश्रण वापरणाऱ्या एका जुन्या जागी, लेना मा आणि सहकाऱ्यांना टेरिस व्हिटाटा या नेच्याच्या पर्णांत आर्सेनिक साठलेले आढळले. नियंत्रित प्रयोगांत ते दोन टक्क्यांच्याही पुढे गेले.

अतिसंचयी कोणाला म्हणायचे, याला रूढ मर्यादा आहेत. कोरड्या पानात कॅडमियम १००, निकेल, आर्सेनिक किंवा शिसे १,०००, आणि जस्त ३,००० मिलिग्रॅम प्रति किलो यांच्या वर गेले पाहिजे, तेही नैसर्गिक अधिवासात. कुंडीत धातूचे क्षार ओतून नव्हे. २०१८ पर्यंत अशा सुमारे ७२० प्रजातींची नोंद झाली होती. त्यांतील पाचशेहून अधिक एकट्या निकेलच्या आहेत. शिशाच्या नावावर अगदी मोजक्या आहेत, आणि त्यांतल्याही काहींवर धुळीचा संशय आहेच.

या वनस्पतींचे अंतरंग गेल्या दोन दशकांत बरेच उलगडले आहे. सामान्य वनस्पती नको असलेला धातू मुळांच्या पेशींतील रिक्तिकांत (साठवणीच्या पिशव्यांत) कोंडून ठेवते. अतिसंचयी वनस्पती तो कोंडत नाही. ती त्याला वेगाने जलवाहिनीत ढकलते आणि पानांतील बाह्यत्वचेच्या पेशींत, प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेपासून दूर, साठवते. अ‍ॅरॅबिडॉप्सिस हॅलेरी या जस्त-कॅडमियम साठवणाऱ्या रोपात जस्त जलवाहिनीत चढवणाऱ्या एचएमए४ या जनुकाच्या एकाऐवजी तीन प्रती आहेत, असे २००८ मध्ये दिसून आले. नवीन यंत्र बनवण्यापेक्षा जुन्याच यंत्राच्या तीन प्रती चालवणे, असा हा उपाय आहे. त्याचा वनस्पतीला फायदा काय, यावर वेगवेगळी मते आहेत. धातूने भरलेले पान किड्यांना नको असते, हे त्यांपैकी सर्वांत प्रचलित मत.

आता कॅडमियमकडे वळू. नॉक्सिया सेरुलेसेन्स या छोट्या रोपाच्या दक्षिण फ्रान्समधील काही वाणांत कॅडमियम हजार मिलिग्रॅमच्या वर जाते. पण ते जमिनीलगत पसरणारे, थंड हवामानातले रोप आहे; हेक्टरी दोन ते पाच टन कोरडा पाला मिळाला तरी पुष्कळ. शेतातल्या सर्वसाधारण स्थितीत ३०० मिलिग्रॅम आणि ३ टन धरले, तर वर्षाला ९०० ग्रॅम कॅडमियम निघेल, म्हणजे आपल्या साडेदहा किलोंसाठी सुमारे बारा वर्षे. विलो झाडे याच्या उलट टोकाला आहेत. त्यांची वाढ भरपूर, पण पाल्यात आणि लाकडात कॅडमियम साधारण २० मिलिग्रॅम. १० टन धरले तर वर्षाला २०० ग्रॅम आणि बावन्न वर्षे. चीनमधील जस्त-शिशाच्या खाणींच्या परिसरात सापडलेल्या सेडम या रसाळ रोपाच्या जाती या दोहोंच्या मध्ये बसतात. ही सगळी गणिते आशावादी आहेत, हेही लक्षात ठेवावे. मातीतील सहज सुटणारा अंश आधी संपतो आणि दरवर्षीचे शोषण घटत जाते. पहिल्या वर्षाचा वेग शेवटच्या वर्षापर्यंत टिकत नाही.

तरीही कॅडमियमच्या बाबतीत यश मिळालेले आहे, आणि ते कोठे मिळाले हे पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये कॅडमियमने दूषित भातशेतीची समस्या जुनी आहे. तेथे चोकोकोकू हा कॅडमियम जास्त ओढणारा भाताचा वाण, पाण्याचा निचरा करून, कोरड्या जमिनीत दोन वर्षे घेतला गेला. हेक्टरी सुमारे ८८३ ग्रॅम कॅडमियम निघाले, मातीतील एकूण प्रमाण ३८ टक्क्यांनी उतरले आणि त्यानंतर घेतलेल्या खाण्याच्या भाताच्या दाण्यांतील कॅडमियम सुमारे ४७ टक्क्यांनी कमी झाले. निचरा महत्त्वाचा, कारण पाणी साचलेल्या मातीत प्राणवायू नसतो, कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकते आणि मुळाला मिळत नाही. मात्र तेथील जमिनीत मुळातच दोन-अडीच किलो कॅडमियम प्रति हेक्टर होते; आपल्याकडे तेरा किलो आहे. प्रदूषण थोडे, उथळ आणि मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असेल, तेव्हा निष्कर्षण चालते. ते दाट आणि एका कोपऱ्यात साठलेले असेल, तर तेवढी माती खोदून सुरक्षित जागी नेणे हाच उपाय बहुधा स्वस्त आणि नक्कीच जलद असतो. वनस्पतींवर उपजीविका करणाऱ्या माझ्यासारख्याने हे म्हणावे, हे काहींना विचित्र वाटेल.

सूर्यफुलाबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण त्याची ख्याती चेर्नोबिलमुळे आहे आणि ती ख्याती अर्धवट समजली गेली आहे. १९९० च्या दशकात तेथील एका तळ्यावर तराफ्यांवर सूर्यफुले वाढवून त्यांच्या मुळांनी पाण्यातील किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम टिपले गेले. पाण्यात धातू विरघळलेला असतो आणि मुळे त्यात थेट बुडालेली असतात, म्हणून ते जमले. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तीच फुले मातीत लावली गेली, तेव्हा जपानच्या कृषी मंत्रालयाच्या चाचणीत शोषण इतके नगण्य निघाले की मातीचा वरचा थर खरवडून काढणे हाच परिणामकारक मार्ग ठरला. चिकणमातीने एकदा धरलेले सीझियम सूर्यफुलाला सोडवता येत नाही. पाण्यात चाललेली युक्ती मातीत चालेल, असे गृहीत धरू नये, एवढा धडा यातून घ्यावा. पाण्यातही एक पथ्य आहे. जलपर्णी किंवा डकवीड ही पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती धातू भराभर टिपतात, पण त्या वेळेवर बाहेर काढल्या नाहीत तर कुजून सगळे परत पाण्यात सोडतात. सांडपाण्यासाठी बांधलेल्या पाणथळ जागांत तर वनस्पतीच्या स्वतःच्या शोषणाचा वाटा लहान असतो. बराचसा धातू तळाच्या प्राणवायुविरहित गाळात सल्फाइड होऊन बसतो, आणि वनस्पती मुख्यतः त्या गाळातील जिवाणूंना खाद्य पुरवते.

पारा आणि क्रोमियम आपल्या प्रश्नात नाहीत, पण मुलामा चढवण्याच्या जागी क्रोमियम असू शकते म्हणून दोन वाक्ये. विषारी आणि सहज वाहणारे सहा संयुजेचे क्रोमियम सेंद्रिय पदार्थांच्या सान्निध्यात तीन संयुजेचे होते आणि जागेवर बसते. तेथे कंपोस्टचे काम वनस्पतीपेक्षा मोठे असते. पाऱ्यासाठी जिवाणूंची जनुके घातलेल्या वनस्पती प्रयोगशाळेत तयार झाल्या आहेत, पण त्या पारा वाफेच्या रूपात हवेत सोडतात, आणि तो पुन्हा कोठेतरी खाली येतोच.

तर मग शिशाचे काय करायचे? शिशाचा धोका कसा पोहोचतो, याकडे पाहावे. शिसे माणसाच्या शरीरात जाते ते मुख्यतः धुळीतून आणि लहान मुलांच्या मातीने भरलेल्या हातांतून. भाजीच्या मुळातून पानात चढणारे शिसे त्या मानाने थोडे असते. म्हणून शिसे काढण्यापेक्षा धूळ थांबवणे आणि शिसे विरघळू न देणे हे काम मोलाचे ठरते, आणि ते काम वनस्पती उत्तम करतात. वेल्समधील पॅरिस माउंटन या तांब्याच्या जुन्या खाणीवर आणि तशाच इतर खाणींवर काही गवते आपोआप धातूसहिष्णू झाली होती. अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती निवडून वाढवली आणि त्यांतून तांब्याच्या कचऱ्यासाठी ‘पॅरिस’, आम्लधर्मी शिसे-जस्ताच्या कचऱ्यासाठी ‘गोगिनन’ आणि चुनखडीयुक्त शिसे-जस्ताच्या कचऱ्यासाठी ‘मर्लिन’ असे वाण बाजारात आले. उजाड ढिगाऱ्यावर हिरवळ धरली की वाऱ्याने आणि पावसाने होणारा धातूचा प्रवास मोठ्या प्रमाणात थांबतो.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण स्पेनमधील ग्वादियामार नदीच्या खोऱ्याचे आहे. २५ एप्रिल १९९८ रोजी अस्नालकोयार येथील खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि चार हजारांहून अधिक हेक्टर जमीन धातूयुक्त आम्लधर्मी गाळाखाली गेली. तेथे आधी यंत्रांनी गाळ उचलला, मग मातीत चुनखडीयुक्त, लोहयुक्त आणि सेंद्रिय भर घातली आणि त्यानंतर स्थानिक झाडेझुडपे लावली. नंतरच्या निरीक्षणांत ऑलिव्ह आणि होम ओक यांच्या पानांत धातू कमी राहिले, पण पांढऱ्या पॉप्लरच्या पानांत कॅडमियम ३ आणि जस्त ४०० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आसपास गेले. पॉप्लरची पाने दरवर्षी गळतात. म्हणजे खोलवर असलेला धातू दरवर्षी पृष्ठभागावर पसरला जातो. स्थिरीकरणासाठी झाड निवडताना ‘ते तेथे जगते का’ एवढेच पाहून चालत नाही, ‘ते वर काय नेते’ हेही पाहावे लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

आपल्या निवडीतील वाळा या दृष्टीने योग्य आहे. त्याची मुळे दाट आणि सरळ खाली, अनुकूल मातीत तीन मीटरपर्यंतही जातात, माती घट्ट धरतात, आणि शिशाचा मोठा भाग मुळांतच राहतो. मात्र मग त्याची मुळे उपटून विकण्याचा विचार कधीही करू नये. वाळ्याच्या मुळांना बाजार असतो, आणि या जमिनीतील मुळांत नेमके तेच साठलेले असेल जे आपल्याला कोणाच्याही घरात जाऊ द्यायचे नाही.

मातीत काय मिसळायचे, हे मात्र सर्व धातूंची तपासणी झाल्याखेरीज ठरवू नये. चुना घालून सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या आसपास आणला तर शिसे आणि कॅडमियम दोन्ही कमी विरघळतात. फॉस्फेट घातले तर शिशाचे पायरोमॉर्फाइट हे अतिशय स्थिर खनिज तयार होते. पण त्या जमिनीत आर्सेनिकही असेल, तर हेच फॉस्फेट मातीच्या कणांवरून आर्सेनिकला ढकलून मोकळे करते, आणि सामू वाढल्यानेही आर्सेनिक अधिक सैल होते. एकाला बांधताना दुसऱ्याला सोडणारा हा उपाय आहे, आणि बॅटऱ्यांच्या शिशात आर्सेनिक व अँटिमनी मिसळलेले असण्याची शक्यता असते, म्हणून आपल्या जागी ही शंका पोकळ नाही. शिवाय ज्या भागात कॅडमियमचे निष्कर्षण करायचे तेथे चुना घालणे म्हणजे स्वतःच्याच कामात अडथळा आणणे. म्हणून जमिनीचे भाग आधी पाडावे लागतात.

ते भाग पाडण्यासाठी एक नमुना अजिबात पुरेसा नाही. जुन्या कामाच्या जागेपासून दूर जाताना आकडे झपाट्याने उतरतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. जमिनीवर दहा-दहा मीटरची जाळी कल्पून प्रत्येक चौकटीतून ० ते २० सेंटिमीटरचा एकत्रित नमुना घ्यावा, आणि काही ठिकाणी ४० व ६० सेंटिमीटरवरही पाहावे. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने शिशाचा नकाशा एका दिवसात होतो. कॅडमियमच्या इतक्या कमी प्रमाणासाठी ते यंत्र भरवशाचे नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते. एकूण प्रमाणाबरोबर सौम्य क्षारद्रावणात सुटणारे प्रमाण आणि सामूही तपासून घ्यावा, कारण वनस्पती एकूण धातू पाहत नाही, सुटणारा पाहते. छपरांवरून किंवा उरलेल्या ढिगाऱ्यावरून अजूनही धूळ आणि पाणी जमिनीत येत असेल, तर ते थांबेपर्यंत एकही रोप लावू नये.

नकाशा हाती आल्यावर, माझा अंदाज असा की जमिनीचा एक लहान कोपरा फार तीव्र निघेल. तेथील माती धोकादायक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्यांकडून उचलून न्यावी. मधल्या पट्ट्यात सेंद्रिय खत, तपासणीनुसार चुना किंवा फॉस्फेट, आणि कायमस्वरूपी वाळ्यासारखे गवत अशी योजना करावी, कुंपण घालावे आणि जनावरे आत सोडू नयेत. ज्या भागात शिसे फारसे नाही पण कॅडमियम आहे, तेवढ्यात निष्कर्षणाचा प्रयोग करावा, तोही आधी चार-सहा वाफ्यांवर, स्थानिक हवामानात खरोखर वाढणाऱ्या दोन-तीन वनस्पती घेऊन. प्रत्येक कापणीत पाल्याचे वजन आणि त्यातील कॅडमियम मोजले की दोन हंगामांत हेक्टरी किती ग्रॅम निघतात ते कळेल, आणि वर्षांचा हिशेब अंदाजाने नव्हे तर स्वतःच्या आकड्यांनी मांडता येईल.

कापलेल्या पाल्याची व्यवस्था पेरणीच्या आधी ठरलेली असावी. त्याचे कंपोस्ट केले तर वजन घटते, धातू तेवढाच राहतो आणि अधिक दाट होतो. उघड्यावर जाळले तर कॅडमियम आणि आर्सेनिक धुरात जातात. धूर गाळण्याची सोय असलेल्या भट्टीतच तो जाळता येतो आणि राख धोकादायक कचरा म्हणून ठेवावी लागते. निकेलची गोष्ट वेगळी आहे. अल्बानियात अ‍ॅलिसमच्या कुळातील ओडोन्टॅरिना या वनस्पतीची लागवड करून हेक्टरी १० टन पाल्यातून सुमारे १०० किलो निकेल मिळवता येते, आणि तिची राख निकेलच्या सर्वसाधारण खनिजापेक्षा कितीतरी समृद्ध असते. कॅडमियमच्या राखेला असा गिऱ्हाईक नाही. पाने वाळण्याआधी कापणी करावी. गळलेले पान परत मातीचेच होते.

भाजीपाल्याचा प्रश्न उरतो. तो या मातीच्या शुद्धीशी बांधूनच ठेवायची गरज नाही. बाहेरून आणलेली तपासलेली माती कमीत कमी दोन वीत उंच वाफ्यांत, खाली मुळे ओलांडू न शकणारे जाड कापड घालून, भरली आणि आजूबाजूची जमीन गवताने झाकलेली राहिली, तर पुढच्या हंगामातही भाजी घेता येईल. पालेभाज्या आणि कंद त्यांतही शेवटी घ्यावेत, फळभाज्या आधी, कारण फळांत धातू सर्वांत कमी पोहोचतात. पहिल्या पिकाचा नमुना नीट धुऊन तपासून घ्यावा, आणि त्यासोबत टायटॅनियमही मोजायला सांगावे.